शून्य खपाचे चार महिने : रक्तदाबाच्या एका गोळीचं प्रकरण

औषधसाठ्याच्या वहीतलं एप्रिलचं पान उघडलं की ॲम्लोडिपिनच्या ओळीत सगळीकडं शून्य. सुरुवातीची शिल्लक शून्य, आवक शून्य, वाटप शून्य, अखेरची शिल्लक शून्य. बेरीज बरोबर. खाली माझी सही, शेजारी वैद्यकीय अधिकारी मॅडमची. पुढं लेखापरीक्षणाला आलेल्या माणसानं त्या पानावर हिरव्या पेनानं बरोबरची खूण केली. त्याच्या दृष्टीनं त्या पानात काहीच चुकलेलं नव्हतं.

त्याच महिन्यात त्या गोळीवर असलेली 310 माणसं आमच्या केंद्रात नोंदलेली होती.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण-खटावच्या पट्ट्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी होतो. केंद्राचं नाव आणि वर्ष मुद्दाम देत नाही. तिथली माणसं अजून तिथंच काम करतात, आणि मला जे सांगायचंय त्याला कुणा एकाचं नाव लागतही नाही. आकडे माझ्या वहीतले आहेत.

आधी गोळीबद्दल. ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम म्हणजे रक्तदाबाच्या उपचाराची पहिली पायरी. 2017-18 मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातून सुरुवातीला जे जिल्हे घेतले, त्यांत भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्गाबरोबर सातारा होता. त्या उपक्रमानं एक साधी गोष्ट केली. दहा डॉक्टरांनी दहा तऱ्हेच्या गोळ्या लिहिण्याऐवजी सगळ्यांसाठी एकच पायऱ्यांचा तक्ता ठरवला, प्रत्येक रुग्णाचं कार्ड केलं आणि एका भेटीत तीस दिवसांची गोळी हातात द्यायची असं ठरवलं. त्याआधी आम्ही पाच-सात दिवसांच्या गोळ्या द्यायचो. पंधरा किलोमीटरवरच्या वाडीतून येणारी बाई महिन्यात चार खेपा करणार नाही, हे समजायला आम्हाला इतकी वर्षं लागली. तीस दिवसांची पुडी सुरू झाली आणि माणसं टिकू लागली. आशाताई कार्ड बघून, कोण आलं नाही त्याच्या घरी जायच्या. मला ते काम मनापासून आवडायचं. पण सगळ्यांना एकाच गोळीवर आणलं की ती एक गोळी संपल्यावर सगळेच एका दिवशी उघडे पडतात, याचा विचार माझ्या पातळीवर तरी कुणी केला नव्हता. मीही नाही.

फेब्रुवारीत साठा खाली गेला. मॅडमनी ठरवलं की तीसऐवजी पंधराच गोळ्या द्यायच्या, म्हणजे निदान सगळ्यांना काही मिळेल. फेब्रुवारी आणि मार्च तसेच काढले. एप्रिलपासून जुलैपर्यंत सरकारी साठ्यातली एकही गोळी नव्हती. वरच्या भांडाराकडं विचारणा केली की एकच उत्तर यायचं: दरकरार संपलाय, नवी निविदा चालू आहे.

हे उत्तर खोटं नव्हतं. सरकारी गोळी केंद्रापर्यंत येते कशी, ते पाहिलं म्हणजे कळेल. केंद्राचं मागणीपत्र तालुक्याला जातं, तालुक्याचं जिल्ह्याला, आणि सगळ्यांची बेरीज राज्याच्या खरेदी यंत्रणेकडं. तिथं निविदा निघते, आधी तांत्रिक लिफाफा उघडतो, मग दराचा. पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्याशी दरकरार. मग पुरवठा आदेश. माल आला की प्रत्येक बॅचचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायला जातो आणि अहवाल येईपर्यंत खोकी बाजूला ठेवावी लागतात. अहवाल चांगला आला की माल ई-औषधी या साठ्याच्या संगणक प्रणालीत वाटपाला खुला होतो, मग गाडी, मग आमचं केंद्र. यातला प्रत्येक टप्पा गरजेचाच आहे. तपासणीशिवाय गोळी वाटावी असं मी कधीच म्हणणार नाही. पण कुठंही महिनाभर अडलं की शेवटच्या खिडकीवर तो महिना मला सांगावा लागतो, आणि ऐकणारा माणूस उन्हातून चालत आलेला असतो.

मे महिन्यात एक आक्का आल्या. मेंढरांमागं फिरणारं घर, दिवाळीनंतर खाली घाटाकडं जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांनी पदराच्या गाठीतून रिकामी पट्टी काढली.

"भाऊ, गोळी आली का वं?"

"आक्का, अजून नाही आली."

"म्या दोन दिसाला एक खात व्हते. पुरवून पुरवून खाल्ली. परवा सपली."

दाब मोजला तर 176 वर 102.

"डोकं दुखतंय? अंधारी येते?"

"काय बी नाय. बरी हाय मी."

त्या बऱ्याच होत्या, त्यांच्या लेखी. ॲम्लोडिपिन शरीरात सावकाश उतरतं, निम्मं जायला दीड-दोन दिवस लागतात. म्हणून एखादा दिवस चुकला तर लगेच काही जाणवत नाही, आणि त्यामुळंच "दोन दिसाला एक" हा हिशेब माणसाला चालणारा वाटतो. दाब वाढतो तो न बोलता. ताप आलेला माणूस गोळी नाही म्हटल्यावर खिडकीवर भांडतो. रक्तदाबवाला "बरं" म्हणून निघून जातो. चार महिन्यांत ॲम्लोडिपिनसाठी एकही लेखी तक्रार आली नाही. कुत्रं चावल्याची लस एक दिवस नसती तर सरपंच दारात आले असते.

जूनमध्ये आमच्या कार्डावरच्या एका गृहस्थांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यांना साताऱ्याला हलवलं. त्यांची गोळी दोन महिने बंद होती. ते बिडीही ओढायचे, साखरही होती. गोळी असती तर झटका आला नसता असं मला म्हणता येणार नाही. एवढं मात्र आहे की त्यांच्या कार्डावर एप्रिलच्या रकान्यात "औषध उपलब्ध नाही" हे शब्द माझ्या हातचे आहेत.

ज्यांना परवडलं ते बाजाराकडं वळले. या टप्प्यावर मला औषधांच्या किमतींचं प्रकरण पहिल्यांदा नीट समजलं.

ॲम्लोडिपिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणून 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली त्याला कमाल किंमत लागू आहे. ती राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवतं. ठरवण्याची रीत अशी: त्या औषधाच्या ज्या ज्या ब्रँडचा बाजारातला वाटा निदान एक टक्का आहे, त्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढायची आणि तीत दुकानदाराचे 16 टक्के घालायचे. सरासरी दोन रुपये निघाली तर कमाल किंमत 2 रुपये 32 पैसे, वर कर. त्याआधीच्या, म्हणजे 1995 सालच्या आदेशात उत्पादनखर्चावरून किंमत ठरायची. 2013 पासून बाजारातल्या किमतीवरून ठरते. म्हणजे गोळी बनवायला किती पैसे लागले हे सूत्रात कुठं येतच नाही. शिवाय दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणं ही कमाल किंमत वर-खाली सरकते. एप्रिल 2022 मध्ये 10.77 टक्के आणि लगेच पुढच्या एप्रिलमध्ये 12.12 टक्के वाढीला मुभा मिळाली होती.

नियंत्रण आहे हे चांगलंच. ते नसतं तर काय झालं असतं ते औषधाच्या दुकानात लगेच कळायचं. आमच्या रुग्णांपैकी काहींना दुकानात जोडगोळी दिली गेली, म्हणजे ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचंच दुसरं औषध एकाच गोळीत. दोन्ही औषधं वेगवेगळी घेतली तर यादीत आहेत, पण त्यांची जोडगोळी यादीत नाही, म्हणून ही कमाल किंमत तिला लागत नाही. साध्या गोळीच्या तिप्पट-चौपट पैसे देऊन लोक ती घेऊन आले. एक आजोबा पट्टी दाखवत म्हणाले, "ही भारीतली हाय म्हणत्यात." त्यांना दुसऱ्या औषधाची गरज होती की नाही हे कुणी तपासलेलं नव्हतं. मॅडमनी ती पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ बोलल्या नाहीत.

जनऔषधी केंद्रात हीच साधी गोळी दहा रुपयांच्या आत पट्टी मिळते, पण आमच्या केंद्रापासून तिथं जाऊन यायचं तर एसटीच्या तिकिटालाच त्याहून जास्त पैसे जायचे. शिवाय दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी.

जूनमध्ये रुग्ण कल्याण समितीची बैठक होती. समितीकडं केंद्रासाठी निधी असतो, त्यातून स्थानिक खरेदी करता येते. त्यासाठी वरच्या भांडारात माल नाही असा दाखला लागतो, तो मिळायला तीन आठवडे गेले. मग तीन दरपत्रकं मागवली. ती तीन पत्रकं मी जपून ठेवली आहेत. तिन्ही पट्ट्यांवर छापील किंमत 24 रुपये, दहा गोळ्यांना. गावातल्या दुकानदारानं वीस टक्के सूट देऊन 19 रुपये 20 पैसे लिहिले, करासह. तालुक्याच्या दुकानदारानं 17. आणि कराडच्या एका घाऊक विक्रेत्यानं 6 रुपये 50 पैसे अधिक कर.

पहिल्यांदा मला वाटलं लिहिण्यात चूक झाली असेल. फोन केला तर ते म्हणाले, "नाही हो, जेनेरिकचा हाच दर असतो." करासह 7 रुपये 28 पैसे. (तेव्हा औषधांवर 12 टक्के कर होता, सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के आहे.) म्हणजे ज्या गोळीवर 24 रुपये छापलेत ती कर भरून, सगळ्यांचा नफा धरून सात-सव्वासात रुपयांना कराडच्या गोदामातून निघते. गावातल्या दुकानदाराला मी यात दोष देणार नाही, त्यानं छापील किमतीपेक्षा कमीच लावलं होतं आणि कायद्याच्या बाहेर तो कुठंच गेला नव्हता. राज्याच्या मोठ्या दरकरारात हीच गोळी आणखी खाली येते. एका गोळीला रुपया सोडाच, पैशांतच दर लागतो.

समितीत एका सदस्यांनी विचारलं, "एवढी स्वस्त गोळी चांगली कशी असंल?" त्यांचा प्रश्न रास्त होता. स्थानिक खरेदीत बॅच आधी प्रयोगशाळेत जाऊन येत नाही, निदान त्या घाईत गेली नाही. मी विक्रेत्याकडून त्या बॅचचा विश्लेषण अहवाल मागून घेतला, परवाना तपासला, मुदत किती शिल्लक आहे ते पाहिलं. याच्या पलीकडं माझ्या हातात काही नव्हतं आणि ते समितीला मी तसंच सांगितलं. 2,400 पट्ट्या घ्यायच्या ठरल्या. बिल 17,472 रुपये. गावातल्या दरानं तेवढ्याच पट्ट्यांना 46,080 लागले असते, आणि तेवढे पैसे निधीत नव्हतेच. माल जुलैच्या अखेरीस आला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आशाताईंकडून घरोघर निरोप दिले. गोळी संपण्याआधी महिन्याला साधारण 230 जण येत होते. ऑगस्टभर आले 141. बाकीच्यांपैकी काही मुंबईला पोरांकडं गेले होते, काहींनी बाहेरची गोळी चालू ठेवली होती, आणि बऱ्याच जणांनी सरळ सांगितलं की आता सवय मोडली, बरं वाटतंय, कशाला गोळी. माणसाला रोजची गोळी घ्यायला राजी करायला आम्हाला दोन-तीन वर्षं लागली होती.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून बहुतेक जण म्हणतात की वरून माल आला नाही, तुम्ही धडपड केली, प्रश्न सुटला. मलाही तसंच वाटलं असतं. पण त्याच ऑगस्टमध्ये पुढच्या वर्षाचं मागणीपत्र भरायचं होतं.

मागणीपत्रात एक रकाना असतो: मागील बारा महिन्यांचा खप. आमच्याकडची चाल अशी की त्यात दहा टक्के घालायचे आणि मागणी लिहायची. मी वहीतून बेरीज काढली. ऑगस्ट ते जानेवारी सहा महिने पूर्ण वाटप, महिन्याला 6,900 गोळ्या, एकूण 41,400. फेब्रुवारी-मार्च अर्धं वाटप, 3,600 आणि 3,600. एप्रिल ते जुलै शून्य. बेरीज 48,600. दहा टक्के घालून 53,460. आकडा लिहिला, सही केली आणि कागद मॅडमपुढं ठेवला.

मॅडमनी विचारलं, "महिन्याचे किती झाले हे?"

मी भागाकार केला. साडेचार हजारांच्याही खाली. पूर्ण वाटप असताना महिन्याला 6,900 लागत होत्या.

"म्हणजे आपण गोळी नव्हती ते महिने गरज नव्हती म्हणून लिहिलेत," त्या म्हणाल्या.

त्या वाक्यानंतर मी मागची मागणीपत्रं काढून बसलो. आदल्या वर्षीही दोन महिने गोळी नव्हती. त्याही वर्षी मीच खपाची सरळ बेरीज लिहिली होती, दहा टक्के घातले होते आणि सही केली होती. यंदाचा माल लवकर संपला त्याला निविदा लांबली हे कारण होतंच, पण मुळात मी मागितलाच कमी होता. सगळा दोष वर ढकलून चार महिने मी खिडकीत बसलो होतो, ही गोष्ट मला अजून टोचते.

याचं गणित अवघड नाही. औषध साठ्याच्या कोणत्याही चांगल्या प्रशिक्षणात ते शिकवतात: खपाला बारानं भागायचं नाही, औषध हातात होतं तेवढ्याच महिन्यांनी भागायचं. चार महिने पूर्ण शून्य आणि दोन महिने अर्धे, म्हणजे औषध होतं सात महिने. 48,600 भागिले 7, महिन्याला 6,943. वर्षाला 83,314. आणि कार्डावरच्या सगळ्या 310 जणांना रोज एक गोळी द्यायची म्हटलं तर 1,11,600. आमच्या जुन्या चालीप्रमाणं काढलेला 53,460 चा आकडा आणि नोंदलेल्या माणसांवरून काढलेला आकडा यांत दुपटीहून जास्त फरक होता.

मग आम्ही जास्त का मागत नव्हतो? हे माझ्यासारख्या शेकडो जणांना ठाऊक आहे, म्हणून उघड लिहितो. गोळ्या जास्त आल्या आणि मुदत संपली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, खुलासा मागतात, वसुलीची भीती असते. मुदतबाह्य खोकं डोळ्यांना दिसतं, मोजता येतं, त्याचा फोटो पेपरात येतो. न दिलेली गोळी कुठंच दिसत नाही. नोकरीत इतकी वर्षं काढली, पण "अमुक औषध तुमच्याकडं चार महिने का नव्हतं" असा खुलासा माझ्याकडून कुणी मागितला नाही. माणूस ज्याचा जाब द्यावा लागतो त्याचीच काळजी घेतो. म्हणून दहा टक्क्यांच्या वर कुणी जात नाही.

आम्ही 84,000 ची मागणी केली. सोबत महिन्यानुसार तक्ता जोडला, प्रत्येक औषधापुढं "साठा नसलेले दिवस" असा रकाना घालून. वरच्या कार्यालयातून फोन आला, "गेल्या वर्षी अठ्ठेचाळीस हजार खपल्या, यंदा चौऱ्याऐंशी कशाला?" बोलणारे गृहस्थ चांगले होते, कामाचे होते. मॅडमनी त्यांना कार्डांचा आकडा सांगितला, तक्ता पुन्हा पाठवला. मागणी मान्य झाली. माल दोन हप्त्यांत आला, पहिला नोव्हेंबरमध्ये. स्थानिक खरेदीच्या पट्ट्या तोपर्यंत पुरल्या.

आणखी एक अडचण मधेच ध्यानात आली. समितीच्या पैशांतून घेतलेल्या गोळ्या वेगळ्या वहीत चढतात. त्या ऑगस्ट ते ऑक्टोबर वाटल्या, पण सरकारी साठ्याच्या नोंदीत ते तीन महिनेही शून्यच दिसत होते. दोन्ही वह्यांची बेरीज केली नसती तर पुढच्या मागणीत पुन्हा तोच खड्डा पडला असता. म्हणजे स्वतःच्या हिकमतीनं निभावून नेणाऱ्या केंद्राची गरज कागदावर आणखी कमी दिसते.

तमिळनाडूत 1994 साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झालं, त्याची रीत मी नंतर समजून घेतली. तिथं प्रत्येक रुग्णालयाला पासबुक असतं. वर्षाची रक्कम त्यात जमा, जिल्ह्याच्या गोदामातून जसं लागेल तसं औषध उचलायचं, तेवढी रक्कम वजा. गोदामात साठा आधीच असतो, त्यामुळं वर्षभराचा एकच आकडा आधी अचूक सांगण्यावर सगळं अवलंबून राहत नाही. राजस्थाननं 2011 मध्ये मोफत औषध योजनेसाठी तसंच महामंडळ काढलं. आपल्याकडं 2017 पासून खरेदी राज्य सरकारच्याच हाफकिन महामंडळाकडं एकत्र केली होती, आणि 2023 मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणलं. एकत्र खरेदीनं दर खाली येतो, यात शंका नाही. पण दर खाली आणणं आणि गोळी वेळेवर पोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. आमच्या त्या चार महिन्यांत सरकारचा एक पैसाही खर्च झाला नाही. दुकानातून घेतली असती तर 24 रुपयांच्या तीन पट्ट्या, माणशी महिन्याला 72 रुपये, 230 माणसांचे चार महिन्यांचे 66,240 रुपये. राज्याच्या हिशेबात ही रक्कम कुठल्याही शीर्षाखाली येत नाही. पूर्ण वर्षाची 310 माणसांची गोळी कराडच्या त्या दरानंसुद्धा 81,245 रुपयांत बसली असती.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही बंद झाले, उपचार पूर्ण मोफत झाले. मला त्याचा आनंद झाला. पण जिथं गर्दी वाढते तिथं मागच्या वर्षीच्या खपावर दहा टक्के घालून बेतलेली मागणी किती महिने पुरेल, हा विचार त्याच दिवशी मनात आला होता.

आक्का सप्टेंबरात आल्या. दाब 158 वर 94. मॅडमनी गोळी चालू केली, पुन्हा तीस दिवसांची पुडी. "आता सपायची नाय न्हवं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दिवाळीपर्यंतची आहे, आक्का. तुम्ही खाली निघायच्या आधी या, दोन महिन्यांची एकदम देतो." त्या आल्या, नेली.

माझी बदली झाली तेव्हा नव्या औषधनिर्माण अधिकाऱ्याला पदभार देताना मी तो तक्ता दिला. छापील मागणीपत्रात "साठा नसलेले दिवस" असा रकाना नाही. म्हणून तिला दाखवलं की ते दिवस शेऱ्याच्या रकान्यात, औषधाच्या नावापुढं, लाल पेनानं लिहायचे. तालुक्याची बेरीज होताना शेरा गळतो, तेव्हा मागणीपत्र गेलं की दोन दिवसांनी फोन करून तो आकडा तोंडीही सांगायचा.